सहा हजार वस्तीच्या गावाचं सांडपाणी: नालीपासून शेतापर्यंत

नागपूर शहराचं सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध होतं आणि कोराडीच्या वीजकेंद्रात वापरलं जातं, हे जिल्ह्यात बहुतेकांना माहीत आहे. त्यामुळे मोहपा, खापा, पारशिवनी, भिवापूर, कुही अशा गावांत सांडपाण्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "आपल्याकडे तसा प्लांट कधी?" तसा प्लांट लहान गावाने मागूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. भांडेवाडीला चोवीस तास वीज आहे, रसायनतज्ज्ञ आहे, पाणी विकत घेणारं गिऱ्हाईक आहे. आपल्याकडे नगर पंचायतीचे दोन सफाई कामगार आणि एक आउटसोर्सिंगचा अभियंता. या माणसांना जे चालवता येईल तेच बांधायचं, ही कसोटी खालच्या प्रत्येक टप्प्यावर लावली आहे.

हिशेबासाठी सहा हजार लोकवस्तीचं गाव धरू. तुमच्या गावाची संख्या वेगळी असेल तर त्या प्रमाणात आकडे कमीजास्त करा.

पहिलं काम: नाली चालत जा

सकाळी सहा ते नऊ या वेळेत गावाचा नकाशा घेऊन प्रत्येक मुख्य नाली वरपासून नाल्याच्या तोंडापर्यंत चालायची. बरोबर सफाई कामगार हवाच. कुठली नाली कुठे तुंबते, कोणाच्या घरातून काय येतं, हे त्याला फाइलीपेक्षा जास्त माहीत असतं. तीन गोष्टी लिहा: किती ठिकाणी पाणी गावाबाहेर पडतं, वाटेत कोणत्या नालीत सेप्टिक टँकचा पाइप सोडलेला आहे, आणि हॉटेल, कत्तलखाना, डेअरी, सर्व्हिसिंग सेंटर असं वेगळं पाणी कुठे मिसळतं.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. सरकारी प्रस्तावात अशा गावांचं पाणी सर्रास 'राखाडी पाणी' म्हणून दाखवलं जातं, म्हणजे फक्त अंघोळ, कपडे, भांड्यांचं. प्रत्यक्षात निम्म्या घरांच्या सेप्टिक टँकचा ओव्हरफ्लो नालीत असतो. अशा पाण्यासाठी राखाडी पाण्याचं डिझाइन केलं की दोन पावसाळ्यांत सगळं गाळाने भरतं. एक पाइप जरी दिसला तरी हे मैलापाणी आहे असं धरूनच पुढे जा.

प्रवाह मोजा

कागदावर हिशेब सोपा आहे. भूमिगत गटार नसलेल्या गावाला माणशी रोज ७० लिटर पाणीपुरवठा धरतात आणि त्याचं ८० टक्के सांडपाणी होतं. म्हणजे ६,००० × ७० × ०.८ = ३ लाख ३६ हजार लिटर रोज. पण घरोघरी बोअरवेल असली तर हा आकडा खूप वाढतो, आणि नळाला दिवसाआड पाणी येत असेल तर एक दिवस पूर आणि एक दिवस कोरडं. म्हणून मोजायचंच.

साधन घरगुती आहे. जाड पत्र्याला वरून इंग्रजी 'व्ही'च्या आकाराची, बरोबर ९० अंशांची खाच पाडा. पत्रा मुख्य नालीत आडवा बसवा, बाजूने माती आणि प्लास्टिक लावून गळती बंद करा. पत्र्यापासून दीड-दोन फूट मागे, जिथे पाणी शांत आहे, तिथे खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मोजा. उंची ५ सेंटिमीटर असेल तर सेकंदाला पाऊण लिटर, १० असेल तर सुमारे ४.४ लिटर, १५ असेल तर १२ लिटर वाहतं आहे. दर तासाला एकदा, पूर्ण चोवीस तास. आपल्या उदाहरणातल्या गावाचा सरासरी प्रवाह सेकंदाला ३.९ लिटर येतो. लहान गावात सकाळचा जोर सरासरीच्या तिप्पट धरायचा, म्हणजे पत्र्यावर पाणी १५ सेंटिमीटरला टेकलं तर नवल नाही.

मोजणी निदान दोनदा हवी: मे महिन्यात एकदा आणि पावसाळ्यात, पण सलग दोन-तीन दिवस पाऊस नसताना, एकदा. दुसऱ्या वेळी प्रवाह दुप्पट निघाला तर जमिनीत मुरलेलं पावसाचं पाणी नालीत शिरतंय. ते आधी तोडा, नाहीतर शुद्धीकरणाचा पैसा पावसाच्या पाण्यावर जाईल.

नमुना तपासा, पण काय मागायचं ते ठरवून

एका बाटलीतला नमुना निरुपयोगी. दिवसभर दर दोन तासांनी थोडं थोडं पाणी घेऊन बर्फाच्या पेटीत एकत्र करा आणि त्याच दिवशी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या. बीओडी (घाण कुजवताना जंतू किती प्राणवायू खातात, म्हणजे घाणीचं माप), सीओडी (तेच माप रसायनाने काढलेलं), निलंबित घन पदार्थ, सामू, विष्ठाजन्य कोलिफॉर्म (विष्ठेतले जंतू), आणि पाणी शेतीला द्यायचं असेल तर विद्युतवाहकता (क्षारांचं माप), सोडियम, क्लोराइड. मात्र कोलिफॉर्मची बाटली वेगळी, निर्जंतुक आणि एकाच वेळी भरलेली असावी. बीओडीचा अहवाल यायला दिवस लागतात, कारण आपल्याकडे ही चाचणी २७ अंशांवर तीन दिवस चालते. दुसऱ्या दिवशीच कोणी बीओडीचा आकडा हातात दिला तर सावध व्हा.

किती स्वच्छ करायचं, हेही इथेच ठरतं. केंद्राच्या २०१७ च्या अधिसूचनेत महानगरांबाहेरच्या प्रकल्पांसाठी बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅम, निलंबित घन पदार्थ १०० आणि कोलिफॉर्म १०० मिलिलिटरला १,००० अशी मर्यादा होती. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये याहून बरीच कडक मानकं लावायला सांगितलं, त्यात बीओडी १० वर आला. जमिनीवर सिंचनासाठी सोडायच्या पाण्याची सर्वसाधारण मर्यादा वेगळी आहे, बीओडी १००. म्हणून डिझाइनच्या आधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नागपूर कार्यालयाकडून लेखी विचारून घ्या: नाल्यात सोडलं तर कोणती मर्यादा, शेतात वापरलं तर कोणती. या एका पत्रावर प्रकल्पाची किंमत दुप्पट किंवा निम्मी होऊ शकते.

घरातल्या टाक्या विसरू नका

सगळं लक्ष नालीवर जातं आणि खरा मैला टाक्यांत साठत राहतो. सेप्टिक टँक दोन-तीन वर्षांनी उपसली नाही तर ती टाकी उरत नाही, आत येतं तसंच बाहेर जातं. आपल्याकडे टाकी तुंबल्यावरच गाडी बोलावतात आणि गाडीवाला रात्री कुठल्यातरी नाल्यात ओतून मोकळा होतो.

उपाय वेळापत्रकाचा आहे. सिन्नर आणि वाई या नगरपरिषदांनी तक्रारीची वाट न पाहता तीन वर्षांत प्रत्येक टाकी एकदा उपसायची पद्धत लावली. आपल्या गावात एक हजार टाक्या धरल्या तर वर्षाला ३३० च्या आसपास, म्हणजे कामाच्या दिवशी जेमतेम एक. एका गाडीचं काम, आणि तेही शेजारच्या दोन गावांबरोबर वाटून घेता येतं. उपसलेला मैला नालीच्या प्रकल्पात ओतायचा नाही. तो फार दाट असतो, एक टँकर अख्ख्या तळ्याचं काम बिघडवू शकतो. त्याला वाळूच्या वाळवण वाफ्यांची वेगळी व्यवस्था करा. वाफ्याखालून निथळणारं पाणी मात्र प्रकल्पात जाऊ द्या.

टाकीत माणूस उतरवायचा नाही. सुरक्षा साधनांशिवाय उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. तक्रारीसाठी १४४२० हा क्रमांक प्रत्येक उपसा गाडीवर रंगवून घ्या.

जाता जाता शोषखड्ड्याबद्दल. काटोल-नरखेड पट्ट्यात काळी माती खोल असते आणि पावसाळ्यात ती फुगून पाणी पीत नाही. एक हातभर खड्डा खणा, रात्रभर पाण्याने भरून ठेवा, सकाळी पुन्हा भरून पाणी अडीच सेंटिमीटर उतरायला किती वेळ लागतो ते बघा. तासापेक्षा जास्त लागला तर त्या जागी शोषखड्ड्याचा नाद सोडा. मुरूम लागला आणि पाणी झरझर उतरलं तर वेगळी भीती: खाली भेगाळलेला काळा पाषाण असतो आणि त्या भेगांतून घाण थेट विहिरीत जाते. विहिरीपासून १८ मीटरचं अंतर किमान म्हणून सांगतात, पण भेगाळ खडकात तेवढ्यावर विसंबू नये.

जागा

गावाच्या उतारावर, शेवटच्या घरापासून निदान २०० मीटर दूर, पुराच्या रेषेच्या वर, आणि पाणी आपसूक पोचेल अशी. पंप लागणार असेल तर आधी दुसरी जागा शोधा. ई-क्लास (सरकारी गायरान) जमीन असेल तर ग्रामसभेचा किंवा नगर पंचायतीचा ठराव आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. हे काम महिनोन्महिने रेंगाळतं, म्हणून मोजणीच्या दिवशीच अर्ज टाका.

रामटेक-मौद्याकडे कोणीतरी हमखास सुचवतं की जुना मालगुजारी तलाव आहेच, त्यातच सोडा. अजिबात नाही. त्या तलावावर धान, मासे आणि आसपासच्या विहिरी अवलंबून आहेत.

पद्धत कोणती

दोन एकर जागा मिळत असेल तर माझं उत्तर एकच: स्थिरीकरण तळी. आपलं ऊन हीच आपली मशिनरी आहे.

हिशेब असा. माणशी रोज २७ ग्रॅम बीओडी धरतात, म्हणजे गावाचा रोजचा भार १६२ किलो. टाक्या काम करत असतील तर तो कमी निघेल, पण डिझाइन यावरच करा. पहिलं तळं खोल, तीन मीटरचं, ज्यात हवेशिवाय जगणारे जंतू काम करतात. हिवाळ्याचं तापमान धरून घनमीटरला रोज २५० ग्रॅम भार दिला तर ६५० घनमीटर तळं लागतं. पाणी तिथे दोन दिवस राहतं आणि निम्म्याहून जास्त भार तिथेच उतरतो. हे तळं एकाऐवजी दोन जोडीने बांधा, म्हणजे एकातला गाळ काढताना दुसरं चालू राहतं. उरलेले सुमारे ७३ किलो दुसऱ्या, उथळ तळ्यात जातात. आपल्या अक्षांशावर हेक्टरला रोज २४०-२५० किलो भार चालतो, म्हणजे ३,००० चौरस मीटर, खोली सव्वा मीटर. इथे शेवाळ दिवसभर प्राणवायू तयार करतं आणि जंतू तो वापरतात. त्यानंतर एक मीटर खोलीची तीन-तीन दिवसांची दोन तळी, प्रत्येकी हजार चौरस मीटरची. यांचं काम रोगजंतू मारणं. दुपारी शेवाळामुळे पाण्याचा सामू नऊच्या वर जातो आणि उन्हाबरोबर तो कोलिफॉर्मला पुरून उरतो. बांध, रस्ता, कुंपण धरून दोन एकर.

दोष सांगतो. शेवटच्या पाण्यात शेवाळ असतं, ते बीओडी आणि घन पदार्थांत मोजलं जातं. मंडळाने १० ची मर्यादा घातली तर नुसत्या तळ्यांनी भागणार नाही. शेवटी गिट्टीची गाळणी किंवा वनस्पतींचा वाफा जोडावा लागेल. आणि मे महिन्यात रोज १० मिलिमीटरपेक्षा जास्त पाणी उडून जातं. पाच हजार चौरस मीटर पृष्ठभागावर ते ५० हजार लिटर होतं, आणि उरलेल्या पाण्यात क्षार तेवढे वाढतात.

जागा एका एकराच्या आत असेल तर बंद टाकी आणि वनस्पतींचा गिट्टी वाफा. नीरी ही पर्यावरण संशोधनाची संस्था नागपुरातच आहे, तिने फायटोरिड नावाने याच जातीची पद्धत विकसित केली आहे; लहान गावाने तिथे जाऊन चालू असलेला वाफा बघावा. आधी बसण्याची टाकी, मग आडभिंतींची टाकी ज्यात पाणी वर-खाली करत गाळाच्या थरातून जातं, मग गिट्टीच्या ६० सेंटिमीटर थरात कर्दळ, पाणकणीस. गिट्टीत पोकळी ४० टक्के धरून दोन दिवस पाणी ठेवायचं तर २,८०० चौरस मीटर लागतात. या पद्धतीचा शत्रू एकच: गिट्टी तुंबणं. वाफ्याआधीच्या टाक्यांतला गाळ वेळेवर निघाला तर वाफा वर्षानुवर्षं चालतो, नाही निघाला तर पाणी गिट्टीवरून वाहू लागतं आणि डासांची पैदास होते.

ब्लोअरने टाकीत हवा भरून जंतूंकडून पाणी शुद्ध करणारे एसबीआर, एमबीबीआर प्रकल्प कमी जागेत सुंदर पाणी देतात. पण लहान आकारात हजार लिटरमागे अर्धा ते एक युनिट वीज धरा, म्हणजे आपल्या गावाला रोज १७० ते ३४० युनिट. बिल थकलं, वीज कापली, दोन दिवसांत जंतू मेले. जागाच नसेल आणि वीजबिलाची कायम तरतूद असेल तरच या वाटेला जा.

बांधकामात कुठे नजर ठेवायची

नाल्यावर छोटा बंधारा घालून पाणी वळवताना सकाळच्या जोराइतकंच, सरासरीच्या तिप्पट, पाणी आत घ्या. पावसाचं जास्तीचं पाणी बंधाऱ्यावरून नाल्यात जाऊ द्यायचं. त्यानंतर लगेच जाळी, आणि रेती बसायला दोन समांतर चर. १५० मिलिमीटर पाइपला शंभर मीटरमागे ६० सेंटिमीटर उतार हवा. कंत्राटदाराच्या शब्दावर न जाता पाण्याच्या नळीने लेव्हल स्वतः बघा.

तळ्याच्या बांधात काळ्या मातीचा गाभा आणि बाहेरून मुरुमाचं आवरण. नुसती काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तळाची काळी माती ओलावून रोलरने दाबली की ती पाणी चांगली धरते, पण बांधून झाल्यावर तळं कोरडं ठेवू नका. काँक्रीटच्या टाक्यांखालची काळी माती काढून मुरूम भरून घ्या. शेवटचं बिल देण्याआधी प्रत्येक टाकी स्वच्छ पाण्याने भरून पातळीची खूण करा आणि किती उतरते ते बघा. ही चाचणी टेंडरमध्ये लिहिलेली असेल तरच करता येते.

पैसा आणि कागद

ग्रामपंचायत असेल तर स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्यासाठी पाच हजारांपर्यंतच्या गावाला माणशी २८० रुपये आणि त्यावरच्या गावाला ६६० रुपये अशी मर्यादा ठरली होती, त्यातला ३० टक्के हिस्सा वित्त आयोगाच्या निधीतून. सहा हजार वस्तीला ३९ लाख ६० हजार. नगर पंचायतींसाठी २०२१ च्या स्वच्छ भारत मिशन शहरी २.० मध्ये एक लाखाखालच्या शहरांच्या सांडपाण्याचा घटक आला. चालू निकष अर्ज करताना तपासा. तांत्रिक मंजुरी महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून, आणि प्रदूषण मंडळाची उभारणी व चालवणं अशी दोन संमतिपत्रं. चालवण्याचा पाच वर्षांचा खर्च त्याच टेंडरमध्ये घाला.

सुरू करणं आणि रोजचं काम

उन्हाळ्याच्या तोंडाशी, मार्चमध्ये सुरू करा. उथळ तळी आधी नाल्याच्या किंवा विहिरीच्या स्वच्छ पाण्याने भरायची, शेवाळ धरू द्यायचं, मगच मैलापाणी सोडायचं. उलट केलं तर महिनाभर गाव वासाने हैराण होईल आणि लोकांचा प्रकल्पावरचा विश्वास जाईल. खोल तळ्यात किंवा आडभिंतींच्या टाकीत चांगल्या चालणाऱ्या सेप्टिक टँकचा गाळ विरजण म्हणून टाका आणि तीन महिने धीर धरा.

रोजचं काम एका माणसाचं, तासा-दोन तासांचं. जाळी साफ, आलटून पालटून रेतीचा चर साफ, पाण्यावरची साय काढणं, पत्र्यावरची उंची वहीत लिहिणं. आठवड्याला बांधावरचं गवत आणि पाण्याच्या कडेची झुडपं काढा, डास तिथेच होतात. शेवटच्या तळ्यात गप्पी मासे सोडा. जलपर्णीचं एक रोपही राहू देऊ नका. रंग रोज पाहा: उथळ तळं हिरवं म्हणजे ठीक, गुलाबी-जांभळं म्हणजे भार जास्त, काळपट म्हणजे प्राणवायू संपला. गुलाबी दिसलं की आधी कोणी टँकर ओतला का ते शोधा. खोल तळ्यातला गाळ बांबूला पांढरं फडकं गुंडाळून मोजा. एक तृतीयांश भरलं की काढायचं. सगळा मैला नालीत येत असेल तर सहा हजार वस्तीला वर्षातून एकदा वेळ येईल, घरच्या टाक्या नीट उपसल्या तर बऱ्याच उशिरा.

पाणी कोणाला

तीन लाख लिटर पाण्यावर, रोज ५ मिलिमीटर धरून, सहा हेक्टर म्हणजे पंधरा एकर भिजतात. उन्हाळ्यात गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, उलट भांडणं होतात. म्हणून पाळी आणि दर लेखी ठरवा आणि पावसाळ्यात पाणी कुठे जाईल तेही त्याच करारात लिहा, कारण जुलैत ते कोणालाच नको असतं.

कापूस, बांबू, चारा, रोपवाटिका यांना बिनघोर द्या. मेथी, पालक, कोथिंबीर, काकडी, कच्चं खाल्लं जाणारं काहीही नाही. कोलिफॉर्म १,००० च्या आत आल्याचे सलग अहवाल हाती आल्यावर बघू. संत्र्याला देताना दोन गोष्टी. संत्रा क्षाराला नाजूक आहे, तेव्हा मे महिन्यातली विद्युतवाहकता आणि क्लोराइड तपासून, विहिरीच्या पाण्यात मिसळूनच द्या. आणि पाणी बुंध्याला लागू द्यायचं नाही, डिंक्याला (बुंध्यातून डिंक पाझरणाऱ्या रोगाला) आमंत्रण मिळतं. बुंध्यापासून दूर दुहेरी आळं करा किंवा ठिबक. ठिबकला वाळूची गाळणी आधी लावा, शेवाळाने ड्रीपर आठवड्यात बसतात. काळ्या मातीत साबणाचं सोडियम वर्षानुवर्षं साठून जमीन घट्ट होते, म्हणून त्याच प्लॉटचं माती परीक्षण दर वर्षी, पावसाळ्याआधी. सामू आणि सोडियम चढताना दिसले तर जिप्सम टाका आणि पुढचं वर्ष त्या प्लॉटला हे पाणी बंद.